मिश्र वाइनचा स्वभाव: भाग, पूर्ण आणि चव

फ्रान्सच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यात होणारी कोरडी लाल वाइन बहुधा एकाच वाणाच्या द्राक्षांची नसते. ग्रनाश, सिरा, मूर्वेद्र, सँसो अशा अनेक वाणांच्या रसापासून ती घडवली जाते. तरीही तिच्याविषयी बोलताना जाणकार ‘ही उबदार आहे’, ‘हिची घडण भारदस्त आहे’ असे एकवचनी वर्णन करतात. अनेकांपासून झालेल्या वस्तूला ते एकच स्वभाव देतात. हा स्वभाव नेमका कोणाचा, त्या त्या वाणाचा, मिश्रणाचा की चव घेणाऱ्याच्या जिभेचा, हा प्रश्न अवयव म्हणजे भाग आणि अवयवी म्हणजे पूर्ण यांच्या नात्याविषयीच्या जुन्या वादाचाच एक प्रकार आहे. ग्रीक, ख्रिस्ती आणि भारतीय अशा तिन्ही परंपरांतील विचारवंतांनी तो वाद घालताना वाइनचे किंवा मद्याचे उदाहरण घेतले आहे.

आधी वस्तूचे स्वरूप. वाइन कोरडी म्हणजे ड्राय असते, कारण द्राक्षांतली जवळजवळ सगळी साखर यीस्टने खाऊन तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड केलेले असते. युरोपीय नियमांनुसार लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर उरली, तर वाइन कोरडी म्हणवली जाते. गोडवा असा बाजूला झाला की आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोलची ऊब आणि वास यांना झाकायला काही उरत नाही. म्हणून मिश्रणाचा स्वभाव पारखायला कोरडी वाइन अधिक सोयीची ठरते.

या प्रदेशातले सर्वांत नावाजलेले उदाहरण शातोनफ-द्यु-पापचे. ओरांज आणि आव्हीन्यों या दोन गावांच्या दरम्यान, ऱ्होनच्या डाव्या तीरावर हे गाव आहे. काही मळ्यांत नदीने प्राचीन काळी आणून टाकलेल्या गुळगुळीत गोट्यांचा थर आहे. ते गोटे दिवसा तापतात आणि रात्री ऊब परत देतात. इतर मळे वाळूचे, चिकणमातीचे किंवा चुनखडीचे आहेत. उत्तरेकडून येणारा मिस्त्राल नावाचा कोरडा, जोरकस वारा घडांवरची ओल टिकू देत नाही, त्यामुळे कुजीचे भय कमी होते. माळरानावर रानटी थाइम, रोझमेरी आणि लॅव्हेंडर यांची खुरटी झुडपे असतात. या झुडपी रानाला तिथे गारिग म्हणतात आणि वाइनच्या वासाचे वर्णन करतानाही तोच शब्द वापरतात.

प्रत्येक वाणाचे देणे वेगळे आहे. ग्रनाश हा मूळचा स्पेनकडचा वाण. तो उन्हात भरपूर साखर धरतो, त्यामुळे त्याच्या वाइनमध्ये अल्कोहोल सहज १४ टक्क्यांच्या पुढे जाते. मात्र त्याची साल पातळ, रंग फिका आणि तुरटपणा बेताचा. हवेशी संबंध आला की तो लवकर म्हातारा होतो. सिरा गडद रंगाचा, काळ्या मिरीच्या वासाचा. नाशिकच्या मळ्यांत तो शिराझ या नावाने ओळखीचा झाला आहे. १९९८ मध्ये झालेल्या डीएनए तपासणीतून तो द्युरेझा आणि मोंदूझ ब्लांश या फ्रान्समधल्याच दोन वाणांच्या संकरातून आल्याचे सिद्ध झाले. मूर्वेद्र उशिरा पिकतो, त्याला कडक ऊन लागते. तो तुरटपणा आणि मांसल, रानटी वास देतो आणि वाइनला हवेपासून वाचवतो. सँसो हलका आणि सुवासिक. कुनुआझ आंबटपणाची धार आणतो. थोडक्यात, एकाची उणीव ती दुसऱ्याची जागा. ग्रनाशच्या उबेला मूर्वेद्रचा कणा लागतो आणि मूर्वेद्रच्या कडकपणाला ग्रनाशचे मार्दव.

आता प्रश्न असा की हे वाण एकत्र आल्यावर काय होते. सर्वांत सरळ उत्तर प्राचीन अणुवाद्यांचे. त्यांच्या मते मिश्रण म्हणजे शेजार. जव आणि गहू एकत्र ओतले तर दुरून एकच रास दिसते, पण प्रत्येक दाणा आपापल्या जागी तोच असतो. या हिशेबाने मिश्र वाइनचा स्वभाव हा मंद इंद्रियांनी केलेला आभास ठरतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाच्या दृष्टांताने असेच काही समजावतो. चाके, आस, जू यांहून वेगळा असा रथ कुठेच सापडत नाही, ‘रथ’ हा केवळ व्यवहारासाठी ठेवलेला शब्द आहे. वाइनलाही हे लागू केले, तर स्वभाव हे भागांच्या जुळणीला दिलेले सोयीचे नाव एवढेच उरते.

ॲरिस्टॉटलला हे मान्य नव्हते. उत्पत्ती आणि विनाश यांवरील ग्रंथात त्याने म्हटले की शेजाराला मिश्रण म्हणायचे, तर ज्याची नजर अतितीक्ष्ण आहे त्याच्यासाठी जगात मिश्रण म्हणून काही उरणारच नाही. खऱ्या मिश्रणाचा प्रत्येक अंश पूर्णासारखाच असला पाहिजे. मग मूळ घटक कुठे जातात? ते नष्ट होत नाहीत आणि जसेच्या तसे राहतही नाहीत. त्यांचे सामर्थ्य शिल्लक राहते. पण त्यासाठी दोन्ही घटकांची ताकद तुल्यबळ हवी. वाइनचा एक थेंब हजारो घडे पाण्यात टाकला, तर ते मिश्रण नव्हे, त्या थेंबाचे पाणी होते. स्टोइक पंथाच्या क्रिसिप्पसने नेमके उलट मत मांडले. त्याच्या मते एक थेंब वाइन सगळ्या समुद्रभर पसरू शकते आणि प्रत्येक घटक दुसऱ्याच्या आरपार राहूनही आपले गुण टिकवतो. पुरावा म्हणून स्टोइक लोक तेल लावलेल्या स्पंजचा दाखला देत. वाइनमध्ये मिसळलेले पाणी असा स्पंज शोषून घेतो, म्हणजे ते आत जिवंतच होते, असा त्यांचा युक्तिवाद.

दक्षिण फ्रान्सच्या तळघरातला व्यवहार या दोन मतांच्या मधे पडतो. काही ठिकाणी प्रत्येक वाण वेगळा आंबवून नंतर वाइनी एकत्र केल्या जातात. काही ठिकाणी वेगवेगळ्या वाणांचे घड एकाच टाकीत आंबवतात. पहिल्या रीतीत मिसळण्याच्या क्षणी घटक मोजता येतात, प्रमाण बदलून पाहता येते. पण त्यानंतर पिंपात आणि बाटलीत जे घडते, ते शेजाराच्या पलीकडचे असते. सालीतली रंगद्रव्ये आणि तुरटपणा देणारी टॅनिन हळूहळू एकमेकांशी जोडली जातात आणि मूळ द्राक्षांत नसलेली नवी रंगद्रव्ये तयार होतात. एका वाणाचा रंग दुसऱ्याच्या टॅनिनशी बांधला गेला, तर तो रंग कोणाचा हे विचारण्याला अर्थ राहत नाही. येथे स्पंजचा उपाय चालत नाही. ॲरिस्टॉटलचे म्हणणे रसायनाच्या अधिक जवळ जाते, कारण घटकांचे सामर्थ्य उरते, घटक मात्र जसेच्या तसे उरत नाहीत. आणि थोडीशी सिरा पुष्कळशा ग्रनाशमध्ये हरवून जात नाही, तिची मिरी जाणवते. एवढ्यापुरता क्रिसिप्पसचा पक्षही उभा राहतो.

भारतीय परंपरेत हा वाद अधिक टोकाला गेला, कारण तिथे मद्याचे उदाहरण आत्म्याच्या अस्तित्वाशी जोडले गेले. जडवादी चार्वाकांचा दावा असा की पृथ्वी, आप, तेज, वायू यांपैकी एकातही चैतन्य नाही, तरी त्यांच्या विशिष्ट संयोगातून ते उपजते. किण्व म्हणजे आंबवण्यासाठी घातलेला पदार्थ आणि इतर साहित्य एकत्र आले की त्यांतल्या कशातच नसलेली मदशक्ती निर्माण होते, तसेच हे. जैन आचार्य जिनभद्र यांनी या दृष्टांतावरच बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे की मद्याच्या एकेका घटकात मदशक्तीचा काही अंश असतोच, नाहीतर कोणत्याही दोन वस्तू एकत्र करून मद्य झाले असते. वाळूच्या कणाकणात तेल नाही, म्हणून वाळूचा ढीग पिळूनही तेल निघत नाही.

मिश्र वाइनच्या बाबतीत या दोघांनाही थोडे थोडे देणे भाग आहे. अल्कोहोल रसात नसते, ते किण्वनातून येते. या मुद्द्यावर चार्वाकांची बाजू खरी. पण ते साखरेशिवाय येत नाही आणि कोणत्याही गोड रसातून शातोनफची वाइन होत नाही. द्राक्षांत विशिष्ट योग्यता असावी लागते, आणि इथे जिनभद्रांचा आक्षेप टिकतो. स्वभाव घटकांत तयार नसतो, मात्र घटकांची योग्यता त्याची सीमा ठरवते.

न्याय-वैशेषिक मताने यात एक बारीक भेद केला. त्यांच्या मते अवयवी हा अवयवांहून वेगळा आणि खरा असतो. धाग्यांपासून झालेले कापड हे धागे नव्हे, ते धाग्यांत समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहते. निळ्या आणि पिवळ्या धाग्यांच्या कापडाला कोणता रंग, असे विचारल्यावर अनेक नैयायिकांनी ‘चित्ररूप’ असा स्वतंत्र रंग मान्य केला. कापडाला स्वतःचा रंगच नसता, तर ते डोळ्यांना दिसले नसते, कारण द्रव्य दिसण्यासाठी रूप लागते. मात्र चवीच्या बाबतीत त्यांनी हीच सवलत नाकारली. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने लिहिलेल्या ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे सात प्रकार आहेत आणि त्यांत चित्र आहे. रसाचे प्रकार सहा आहेत, त्यांत चित्र नाही. गंधाचे तर सुरभी आणि असुरभी एवढे दोनच. कारण असे की जीभ द्रव्याला ग्रहण करत नाही, केवळ रसाला करते. म्हणून पूर्णाला स्वतःची चव नसली तरी काही बिघडत नाही, जाणवते ती भागांची चव.

हा निर्णय वाइनला लावला, तर पेल्यातल्या मिश्रणाला स्वतःची चव नाही, आंबट अंश आंबट लागतो आणि तुरट अंश तुरट, एवढेच म्हणता येईल. आंबट आणि तुरट यांच्यापुरते ते चालतेही, कारण सरावाने त्या दोन जाणिवा वेगळ्या काढता येतात. तुरटपणा तर स्पर्शाच्या जवळचा आहे, टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून ठेवते आणि तोंड कोरडे पडते. पण वाइनचा स्वभाव मुख्यतः वासात असतो आणि वासांचा व्यवहार निराळा आहे. ऑस्ट्रेलियन संशोधक डेव्हिड लेंग यांनी १९८० च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांत दिसले की मिश्रणातले तीन-चारांहून अधिक वास माणसाला वेगळे ओळखता येत नाहीत, सराव असला तरी मर्यादा फारशी ओलांडली जात नाही. त्यापुढे नाकाला अनेक वास मिळत नाहीत, एक संपूर्ण वास मिळतो. वाइनमध्ये तर सुगंधी रेणू शेकड्यांनी असतात. म्हणजे भागांची चव जाणवते, पूर्णाची नव्हे, हे म्हणणे अनुभवाशी जुळत नाही.

या ठिकाणी अलंकारशास्त्राचे मत अधिक उपयोगी पडते. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त नाट्यरसाची तुलना अनेक व्यंजनांच्या संयोगातून होणाऱ्या चवीशी केलेली आहे. अभिनवगुप्त, मम्मट आणि त्यांच्या नंतरच्या आचार्यांनी पानकरसाचा दृष्टांत रूढ केला. गूळ, मिरी इत्यादी घालून केलेल्या पेयात घटकांच्या चवीहून निराळी अशी एक अखंड चव येते, तसा विभाव-अनुभावांच्या, म्हणजे भाव जागवणारी कारणे आणि त्याची दृश्य चिन्हे यांच्या, संयोगातून एकच रस आस्वादला जातो. या मतात दोन गोष्टी एकत्र आहेत. चव घटकांहून वेगळी आहे, आणि ती आस्वादाखेरीज अन्यत्र कुठे नाही. पहिली गोष्ट नैयायिकांनी नाकारली होती. दुसरीमुळे प्रश्न जिभेकडे वळतो.

चव आस्वादात असेल, तर ती प्रत्येकाची वेगळी आणि म्हणून निराधार ठरते का? तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्ये अभिरुचीच्या प्रमाणावर लिहिलेल्या निबंधात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट घेतली. दोन पारखी एका पिंपातली वाइन चाखतात. एकाला तीत कातड्याची, दुसऱ्याला लोखंडाची किंचित चव लागते आणि लोक दोघांना हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी कातडी पट्टा लावलेली किल्ली सापडते. ह्यूमचा आशय असा की रुची व्यक्तीची असली, तरी तिला वस्तूत आधार असू शकतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये वेगळी रेघ ओढली. वाइन आवडते म्हणणाऱ्याने ‘मला’ हा शब्द जोडलाच पाहिजे, कारण जिभेचे सुख हे सौंदर्याच्या निर्णयासारखे सर्वांकडून संमती मागू शकत नाही.

विज्ञानाने दोघांनाही पुरावे दिले. सिराच्या मिरीसारख्या वासामागे रोटंडोन हे संयुग आहे, हे ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये निश्चित झाले. लाल वाइनमध्ये लिटरला सुमारे १६ नॅनोग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणातही ते जाणवते. ह्यूमची किल्ली येथे खरोखर सापडली. पण त्याच संशोधनात सुमारे २० टक्के लोकांना ते मोठ्या प्रमाणातही जाणवले नाही. एकच पेला दोन माणसांना निरनिराळा लागतो आणि त्यांतला कोणीही चुकत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बोर्दो येथील एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना वासरहित लाल रंग घातलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. चव घेणारा मन कोरे ठेवून चव घेत नाही, रंगाने जागवलेली अपेक्षाही पेल्यात उतरते. यावरून स्वभाव काल्पनिक ठरत नाही. तो वस्तू आणि आस्वादक यांच्या संबंधात असतो, आणि त्या संबंधाचे एक टोक बदलले की तोही बदलतो, एवढेच ठरते.

उरतो प्रश्न काळाचा. पाऊस, ऊन आणि पीक यांनुसार दरवर्षी वाणांचे प्रमाण बदलते, वेली म्हाताऱ्या होऊन नव्या लावल्या जातात, तरी नाव तेच राहते. मग टिकते ते काय? शातोनफच्या उत्पादकांनी या प्रश्नाला नियमांनी उत्तर दिले. बॅरन पियेर ल रुआ यांच्या पुढाकाराने १९२३ पासून त्यांनी सीमा, वाण, छाटणी, किमान अल्कोहोल आणि घडांची निवड यांचे नियम घातले. लॅव्हेंडर आणि थाइम दोन्ही उगवू शकतील अशीच रुक्ष जमीन त्यांनी योग्य धरली. १९३६ मध्ये त्या नियमांना राष्ट्रीय मान्यता मिळाली. तेरा वाणांना परवानगी आहे आणि लाल वाइनमध्ये पांढऱ्या द्राक्षांचे वाणही चालतात. परंतु कोणता वाण किती, हे मात्र नियमाने सांगितलेले नाही. म्हणून शातो रायास ही वाइनरी वाळूवरच्या जवळजवळ केवळ ग्रनाशपासून वाइन करते, तर शातो द बोकास्तेल तेराही वाण लावून मूर्वेद्रला मोठा वाटा देते, आणि दोन्ही शातोनफच असतात. घटकांची यादी स्वभाव ठरवत असती, तर या दोन वाइनींना एक नाव देता आले नसते.

या गावाच्या इतिहासात याच प्रश्नाची नेमकी उलटी बाजूही आहे. १३०९ पासून पोपांचे वास्तव्य आव्हीन्योंला होते. दुसरे आव्हीन्यों पोप, बाविसावे जॉन, यांनी शातोनफचा किल्ला बांधवला आणि त्यांनीच १३२३ मध्ये ख्रिस्ती तत्त्वचिंतक टॉमस अक्वायनसला संतपद दिले. मिश्रणात घटकांचे सामर्थ्य उरते, हे ॲरिस्टॉटलचे मत अक्वायनसने एका छोट्या ग्रंथात पुढे चालवले होते. पण प्रार्थनाविधीतल्या वाइनविषयी त्याची शिकवण वेगळी आहे. धर्मगुरूच्या उच्चाराने वाइनचे द्रव्य बदलून ख्रिस्ताचे रक्त होते. रंग, चव, वास हे गुण मात्र तसेच राहतात, आणि द्रव्य गेल्यावरही ते टिकतात ते ईश्वरी सामर्थ्याने. या सिद्धान्तात चव पूर्णपणे तीच असून वस्तू दुसरी होते. शातोनफच्या नियमांत चव आणि प्रमाण दरवर्षी बदलूनही वस्तू तीच मानली जाते. दोन्ही ठिकाणी ओळख गुणांच्या यादीत नाही. एकीकडे ती श्रद्धेने मानलेल्या द्रव्यात आहे, दुसरीकडे भूमी, वाण आणि रीत यांच्या अखंड चालत आलेल्या नात्यात.

या सर्व मतांचा हिशेब मांडला, तर मिश्र वाइनच्या स्वभावाला तीन आधार दिसतात. पहिला, घटकांची योग्यता, जिच्याशिवाय संयोग काही निर्माण करू शकत नाही. दुसरा, संयोगात घटकांनी एकमेकांना बदलणे, ज्यामुळे पूर्णाला भागांच्या बेरजेत नसलेले गुण येतात. तिसरा, ते गुण ओळखणारा आणि पुढच्या वर्षी पुन्हा शोधणारा समाज, ज्याच्यामुळे बदलत्या पेल्यांना एक नाव मिळते. नागसेनाचा मुद्दा येथपर्यंत खरा की यांपैकी एकात शोधला तर स्वभाव सापडत नाही. पण तीन आधारांच्या संबंधातून जे उभे राहते ते भूमीने, रसायनाने आणि नियमाने बांधलेले असते, मनाला येईल तसे बदलता येत नाही. म्हणून त्याला निव्वळ नाव म्हणता येत नाही, आणि स्वतंत्र द्रव्य मानण्याचीही गरज उरत नाही.